गुलाब वाफशावर लावायचा

मृगाच्या सरी पडून गेल्या की आमच्या गल्लीत रोपांचा ठेला येतो. मोगरा, जास्वंद, सदाफुली आणि सगळ्यांत पुढे गुलाब. काळ्या पिशवीत वीतभर काडी आणि तिच्या टोकाला मुठीएवढं फूल. समोरच्या काकू फाटक उघडून बाहेर येतात, पलीकडची नवी सून येते, मीही जाते. फुलं बघते, वास घेते आणि रिकाम्या हातानं परत येते. ठेलेवाले भाऊ आता ओळखीचे झालेत. "ताई, यंदाही नाही?" म्हणतात. मी दर वर्षी सांगते, "भाऊ, सप्टेंबर संपता संपता या, तेव्हा चार घेते." त्यांचंही उत्तर ठरलेलं आहे, "तेव्हा ठेल्यावर पणत्या असतात ताई."

त्यांचं बरोबर आहे. झाड लावायची हौस माणसाला पावसात येते, म्हणून रोपं पावसात विकली जातात. दुसरी हौस येते ती जानेवारीत, गुलाबाची प्रदर्शनं भरतात तेव्हा. या दोन्ही वेळा माणसाच्या मनाच्या आहेत. गुलाबाच्या मुळांची वेळ वेगळी आहे आणि नागपुरात तरी ती या दोन्हींच्या मधोमध येते, गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत. एवढी एक ओळ शिकायला मला सात झाडं गमवावी लागली. खरं तर सहा. सातव्याचं पुढे सांगते.

बेसा रोडला घर बांधलं त्या वर्षीची गोष्ट. हा सगळा भाग तेव्हा नुकताच शेतीचा प्लॉट झालेला. कंपाउंडच्या आत चांगली काळी कसदार माती होती आणि आमच्या माहेरी काटोलकडे काळी माती म्हणजे लक्ष्मीच मानतात. जानेवारीत एक प्रदर्शन पाहिलं. टेबलावर एकेका बाटलीत एकेक फूल, खाली चिठ्ठीवर नाव. ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ, डबल डिलाइट. मी दोन तास तिथून हलले नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून सात कलमं आणली, सगळी फुललेली, आणि त्याच संध्याकाळी लावून टाकली.

मार्चभर घर फुलांनी भरलं होतं. एप्रिलमध्ये फुलं लहान व्हायला लागली. मेमध्ये कळी सकाळी उमलायची आणि दुपारी तिच्या पाकळ्यांच्या कडा खाकी कागदासारख्या व्हायच्या. मी दोन वेळा पाणी देत होते. संध्याकाळचं पाणी कूलरच्या टाकीतलं, कारण मे महिन्यात पाणी नालीत सोडणं जिवावर येतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला तेव्हा सातांपैकी चार वाळली होती. नवतपा संपला तेव्हा एक उरलं होतं, तेही नुसती काडी. उपटायचं म्हणून हात घातला आणि बुडाशी तांबूस कोंब दिसला. मी त्या कोंबावर ओंजळीनं सावली धरली. तेवढाच आनंद त्या उन्हाळ्यात वाट्याला आला.

जुलैत तो कोंब असा काही वाढला की बघत राहावं. पाच फुटांच्या तीन लांब फांद्या, कमानीसारख्या वाकलेल्या. पानं फिकी हिरवी, बारीक. काटे जवळजवळ नाहीतच. फूल मात्र एकही नाही. मी शेणखत घातलं, वाट बघितली. ऑगस्ट गेला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला काटोलहून मामा आले. मामांचा सगळा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला, तरुणपणी काही वर्षं त्यांनी कलमांची नर्सरीही केली. आंबील आणि सोळा भाज्यांचं जेवण झालं, हात धुवायला म्हणून ते मागच्या नळावर गेले ते आलेच नाहीत. बघायला गेले तर धोतर सावरून ते त्या झाडापाशी उकिडवे बसलेले. बोटांनी बुडाची माती बाजूला करत होते, बाळाच्या तोंडावरचं दूध पुसावं तशी. मातीखाली एक गाठ होती, सुपारीएवढी. गाठीच्या वर जुन्या काडीचं वाळलेलं, करड्या रंगाचं खोड. मामांनी त्यावर अंगठ्याचं नख ओढलं. आत तपकिरी भुसा. मग गाठीच्या खाली नख ओढलं. आत ओलं, पोपटी हिरवं. तिन्ही लांब फांद्या त्या हिरव्यातून निघाल्या होत्या.

"बाई, हा तुहा गुलाब नोहे," मामा म्हणाले. "तुहा गुलाब मेला. हा खुंट हाय."

संत्र्याच्या घरात वाढलेल्या मला खुंट म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. जंबेरीचं रोप वाढवायचं, त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा, डोळा फुटला की वरची जंबेरी कापायची. मूळ जंबेरीचं, फळ संत्र्याचं. नागपुरी संत्रा याच पद्धतीनं पिढ्यान्‌पिढ्या लावला जातोय. आणि तरीही गुलाबाचं कलम घेताना एकदाही माझ्या मनात आलं नाही की याचंही तेच आहे. खाली काटक रानटी गुलाबाचा खुंट, वर डोळा भरलेला शहरी गुलाब. ऊन तापलं, पाणी वर चढेना, तेव्हा डोळा गेला आणि खुंट जगला.

मामांनी विचारलं, "लावला कधी होता?"

"फेब्रुवारीत."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीन महिन्यांत कोणत्या झाडानं मूळ धरावं, बाई? अन् त्यातही तू त्याले फुलं लावून ठेवली."

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं मी गुलाब लावते आहे, आणि मामांच्या त्या एका प्रश्नाभोवतीच सगळं फिरतं. गुलाब लावायचा म्हणजे त्याला मे महिना यायच्या आत किती महिने देता येतात हे मोजायचं. ऑक्टोबरच्या मध्यावर लावलं तर साडेसहा महिने मिळतात. त्यातले पहिले चार-साडेचार थंडीचे, म्हणजे दिवसा ऊन कोवळं, रात्री गारवा, पानांतून पाणी कमी उडतं आणि झाड आपली कमाई मुळांवर घालू शकतं. फेब्रुवारीत लावलेल्या झाडाला आधी वरचा संसार सांभाळावा लागतो. नवी पानं, कळ्या, फुलं. मूळ पिशवीच्या आकाराबाहेर जातच नाही, आणि एक दिवस पारा ४५च्या पुढे जातो.

थंडीची भीती मात्र बाळगू नये. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या सकाळी मी शाल गुंडाळून बागेत गेले, तर दोन महिन्यांपूर्वी लावलेली रोपं ताठ उभी होती. कोवळी पानं जरा लालसर झाली होती, एवढंच. गुलाब मुळात थंड मुलखातला. आपल्याकडे त्याला मारतो तो उन्हाळा आणि त्याच्याही आधी, न दिसता मारतो तो पावसाळा.

हे दुसरं वाक्य काळ्या मातीबद्दल आहे. पुण्या-नाशकाकडची माणसं जून-जुलैत गुलाब लावतात आणि तो जगतो, कारण तिथल्या बऱ्याच जमिनी हलक्या आहेत, मुरमाड आहेत, पाणी खाली जातं. आमची कन्हार, म्हणजे भारी काळी माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. ऑगस्टच्या झडीत खड्ड्याचं तळं होतं. मुळांनाही हवा लागते, आणि त्या तळ्यात ती मिळत नाही. वर हिरवंगार दिसणारं झाड आत कुजत असतं. पानांवर काळे ठिपके पडतात, पिवळी होऊन गळतात, आपण म्हणतो रोग पडला. पुढे तीच माती उन्हाळ्यात आकसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेग पडताना बारीक मुळं ओढून तोडते. फुगणं आणि आकसणं, या दोन टोकांच्या मध्ये एक अवस्था येते. माती ओली असते पण चिखल नसतो, हातात घट्ट धरली तर गोळा होतो, सोडली तर भुगा होतो. शेतकरी तिला वाफसा म्हणतात. रब्बीची पेरणी वाफशावर करतात, चिखलात करत नाहीत. गुलाब लावायची तारीख मला कुणी विचारली तर मी तारीख सांगत नाही, वाफसा सांगते. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परततो, त्यानंतर आठ-दहा दिवसांत आमच्या मातीला वाफसा येतो. एखाद्या वर्षी दसऱ्याआधी, एखाद्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर.

गुलाबावरचं जे काही वाचायला मिळतं त्यातलं पुष्कळसं दिल्लीच्या हवेवर बेतलेलं असतं, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याला कारण आहे. आपल्याकडच्या गुलाब संशोधनाचं मोठं काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झालं. डॉ. बी. पी. पाल हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि त्याच माणसानं 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' असे गुलाब घडवले. देशाच्या गव्हाची चिंता वाहणारा माणूस संध्याकाळी गुलाबाचं परागीकरण करत असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण दिल्लीची माती गाळाची, तिथे डिसेंबर-जानेवारीत माती झटकून उघड्या मुळांची कलमंसुद्धा विकतात आणि ती लागतात. तिथला फेब्रुवारी अजून थंड असतो. आमच्याकडे महाशिवरात्र झाली की दुपारी पंखा लागतो. तिथलं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, तर आपण चार-सहा आठवडे उशिरा पोचतो, आणि ते चार-सहा आठवडेच मे महिन्यात कमी पडतात.

आता विकत घेण्याचं. इथे मोठी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. सप्टेंबरात नर्सरीतल्या गुलाबाला फूल नसतं. असलं तर पावसानं भिजलेलं, कुजकं. पानं ठिपक्यांची, झाड ओंगळ दिसतं. रंग कळत नाही, वास कळत नाही, पिशवीवरची नावं बरेचदा नुसती "लाल", "पिवळा", "डबल कलर". मग रंग ओळखायचा कसा? मी दोन फेऱ्या करते. जानेवारीत फुलं बघायला जाते, आवडलेल्याचं नाव वहीत लिहिते, पिशवी घेत नाही. हे फार कठीण आहे. समोर फुललेलं झाड असताना हात मागे घेणं मला आजही जमतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक जर्द पिवळा गुलाब मोह आवरेना म्हणून जानेवारीअखेर आणलाच. पण तो जमिनीत लावला नाही. पिशवीतून मोठ्या कुंडीत हलवला, उन्हाळाभर पूर्वेच्या व्हरांड्यात ठेवला आणि ऑक्टोबरात बाहेर काढला. उशिरा आणलेल्याला हा एक मार्ग असतो.

सप्टेंबरातली दुसरी फेरी खऱ्या खरेदीची. अमरावती रोडवरच्या नर्सरीतले दादा मला आता झाडं उचलून बघू देतात. मी आधी पान बघत नाही, गाठ बघते. खुंट पेन्सिलीपेक्षा जाड हवा. डोळा बसवलेली जागा पूर्ण भरून आलेली हवी, चीर उघडी नको, प्लास्टिकची पट्टी सालीत रुतलेली नको. पट्टी रुतली असेल तर झाडाचा गळा आवळला जातो आणि दोन वर्षांनी ते वाऱ्यानं तिथेच मोडतं. मग गाठीच्या वरून किमान दोन, मिळाल्या तर तीन फांद्या निघालेल्या हव्यात. गाठीच्या खालून निघालेली एकही नको. त्यानंतर खोड दोन बोटांत धरून हळूच हलवायचं. माती झाडाबरोबर हलली तर मुळांनी पिशवी धरलेली आहे. झाड एकटंच हललं तर ते गेल्या आठवड्यात पिशवीत खोचलेलं आहे आणि त्याला अजून मूळ नाही. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावत असेल तर मी पैसे काढते.

आणखी एक विचारते, "माल कुठला?" नागपुरात बरीच कलमं पुण्याकडून येतात, बरीच आंध्रातल्या कडियमहून. पुण्याकडचं, पॉलिहाउसमध्ये वाढलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं, हलकं, उचलल्याबरोबर कळतं. कडियमकडचं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात. दोन्ही चालतात, पण लावायची रीत वेगळी. कोकोपीटचा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, तर दोन्हींचं जमत नाही. माती आकसली की गोळ्याभोवती पोकळी राहते, आपण घातलेलं पाणी त्या पोकळीतून निघून जातं आणि आतला गोळा कोरडा ठक्क राहतो. बाहेर ओल, आत तहान. माझ्या पहिल्या सातांतली निदान तीन अशीच गेली असणार, हे मला उपटलेल्या गोळ्यांवरून मागाहून कळलं. लावल्या दिवशी जसे होते तसेच गोळे होते, एकही मूळ बाहेर आलं नव्हतं.

घरी आणल्यावर लगेच लावायची घाई नाही. पंधरा दिवस, तीन आठवडे पिशव्या मागच्या अंगणात विटांवर ठेवते, सकाळचं ऊन मिळेल अशा. विटांवर यासाठी की पाऊस आलाच तर पाणी खाली साचत नाही आणि उधळी, म्हणजे वाळवी लागत नाही. तेवढ्या दिवसांत झाड आमच्या पाण्याची, आमच्या हवेची ओळख करून घेतं.

खड्डा मात्र मेमध्येच खणून ठेवते. हे अंगमेहनतीचं काम आहे आणि भर उन्हाळ्यातच करायचं आहे. पहाटे साडेपाचला सुरू करायचं, सात वाजता थांबायचं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. मे महिन्यातली काळी माती विटेसारखी असते, पहिल्या अर्ध्या फुटाला सब्बल लागते. खालची माती वर, वरची बाजूला, आणि खड्डा नवतप्याच्या उन्हात उघडा. त्या तापण्यानं मातीतल्या बुरशा आणि किडी बऱ्याच मरतात. पहिला दमदार पाऊस झाला की भरायचा. अर्धी आपली माती, उरलेल्या अर्ध्यात मुरूम आणि कन्हान नदीची रेती, दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, ओंजळभर निंबोळी पेंड. भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचा. पावसाळाभर ते दबतं, बसतं, आणि ऑक्टोबरात तरी चार बोटं उंचच राहतं. पाणी उतरून जातं.

लावायची वेळ संध्याकाळची. गेल्या वर्षीचं एक लावणं अजून डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबरची बावीस-तेवीस तारीख असेल. दिवसभर ऑक्टोबर हीट, पाचनंतर जरा वारा सुटला. मी पिशवीला आदल्या रात्री पाणी दिलं होतं, म्हणजे गोळा ओला, पण गळणारा नाही. ब्लेडनं पिशवी एका बाजूनं वरून खाली चिरली, तळ कापला. कडियमचा गोळा होता. बाहेरून गुळगुळीत, विटकरी, त्यावर मुळांनी गोल गोल फेरे घातलेले. ते फेरे तसेच ठेवले तर मूळ मातीतही गोलच फिरत राहतं. मी बोटांनी कडेची माती थोडी थोडी सोडवली, खालची गुंडाळी उलगडली, दोन काळी पडलेली मुळं कात्रीनं कापली. खड्ड्यात मधोमध मातीची छोटी ढेकळी केली आणि तिच्यावर झाड बसवलं, मुळं चारी बाजूंना उतरतील असं. मग फळीचा तुकडा खड्ड्यावर आडवा ठेवून गाठ कुठे येते ते बघितलं. गाठ जमिनीच्या तीन बोटं वर. थंड देशांत गाठ मातीत पुरतात, बर्फापासून वाचावी म्हणून. आमच्याकडे पुरली तर कुजते, आणि खुंटाला फुटवे आले तर दिसतही नाहीत. माती लोटली, पायानं नाही, मुठीनं दाबली. बादलीभर पाणी हळूहळू. माती खाली बसली, आणखी दोन ओंजळी घातल्या. काळोख पडेपर्यंत मी तिथेच बसून होते.

पुढचे आठ दिवस दुपारी जुन्या साडीची सावली. आणि पुढचे दोन महिने, येईल ती कळी खुडायची. मामांचं ते वाक्य, "त्याले फुलं लावून ठेवली", मी या कामाला लावते. हरभऱ्याएवढी कळी झाली की चिमटीत धरून तोडायची, मोठी होऊ द्यायची नाही, कारण मोठी झाली की आपल्याच्यानं तोडवत नाही. पहिलं फूल मी जानेवारीत ठेवते, एका फांदीवर एकच.

जुन्या झाडांचा हिशेब सोपा आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेली माणसं आपापल्या गावी परतली, रस्ते मोकळे झाले की आमच्याकडे कात्रीला धार लावायची. त्याआधी आठवडाभर झाडाचं पाणी तोडायचं. संत्र्याला बहारासाठी ताण देतात तसाच हा लहानसा ताण. मग वाळकी, बारीक, आत वळलेली लाकडं काढून टाकायची, जोमदार फांद्या निम्म्यावर आणायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरपा काप. कापावर बोर्डो पेस्ट, तीच जी बागेत संत्र्याच्या बुंध्याला लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मला लागते वाटीभर, म्हणून मामांच्या बागेतून डब्यात आणते. ती न लावता सोडलं की फांदी टोकाकडून काळी पडत खाली मरत येते. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांत फूल. म्हणजे डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, गावभर बंदोबस्त लागतो, तेव्हा आमच्या फाटकाशी ग्लॅडिएटर उमललेला असतो.

गावरान गुलाबाला यातलं काही लागू नाही. तो फिका गुलाबी, सैल पाकळ्यांचा, गुलकंदाचा. त्याला खुंट नसतो, तो स्वतःच्याच मुळावर उभा असतो. पावसाळ्यात कुणाच्या दारातून पेन्सिलीएवढी काडी आणावी आणि उंचवट्यावर खोचावी, जगायची ती जगते. ज्यांना जून महिन्यात गुलाब लावल्याशिवाय राहवत नाही, त्यांना मी माझ्या झाडाची काडी देते.

कूलरच्या पाण्याबद्दल लिहायचं राहिलं. टाकीतलं पाणी दिवसभर उडून जातं, त्यातले क्षार मात्र टाकीतच राहतात आणि दर दिवशी घट्ट होत जातात. टाकीच्या भिंतीवर जो पांढरा थर बसतो, तोच मी त्या पहिल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी गुलाबाला पाजत होते. गुलाबाला क्षार सोसत नाहीत, त्यात आमची माती आधीच चुनखडीची. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसायला लागलं की समजावं. आता ते पाणी मी अंगण धुवायला वापरते. गुलाबाला सकाळी सहाच्या आत नळाचं पाणी, बुडाशी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा चांगला जाड थर, पश्चिमेला हिरवी जाळी. एप्रिल-मेमध्ये खत नाही, छाटणी नाही, काही नाही. त्या दोन महिन्यांत झाडाकडून काहीच मागायचं नसतं.

आणि सातवं झाड. त्या सप्टेंबरात मी मामांना विचारलं होतं, "मग हा खुंट काढून टाकू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. संक्रांतीनंतर ते मुद्दाम आले, खिशात कलमाचा चाकू आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. समोरच्या काकूंकडे ग्लॅडिएटर होता, त्याची नुकतं फूल गळलेली एक फांदी मागून आणली. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीसारखी चीर दिली, चाकूच्या मागच्या टोकानं साल उचलली. साल ओल्या कागदासारखी अलगद सुटली. "सुटून राह्यली, म्हणजे रस चालू हाय," ते म्हणाले. मग ग्लॅडिएटरचा डोळा, पापणीएवढा तुकडा, आतला लाकडाचा कण नखानं काढून त्या फटीत सरकवला आणि पट्टी बांधली, डोळा उघडा ठेवून. तीन आठवड्यांनी तो डोळा टपोरा झाला. माझ्या बागेतलं सगळ्यांत दणकट झाड आज तेच आहे. त्याची मुळं त्या पहिल्या मे महिन्यातून गेलेली आहेत.

यंदा दोन नवी कलमं आणली आहेत. एक आइसबर्ग, एक बिननावाचा केशरी. विटांवर आहेत. खड्डे मेपासून तयार आहेत. मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, बागेत जाणं बंद झालंय, पण दर रविवारी फोन असतो. परवा विचारलं, "पाऊस गेला का तुमच्याकडचा?" म्हटलं, तीन दिवस झाले, पडला नाही. "मंग बघ की माती."

संध्याकाळी खड्ड्यातली मूठभर माती घेतली, दाबली, गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. फुटला नाही. नुसता एका बाजूनं चपटा झाला. मी हात धुतले आणि दोन्ही पिशव्या पुन्हा विटांवर सरळ करून ठेवल्या.